कानाशी धरलेलं पितळ

पोलोग्राउंडवरच्या पितळेच्या फाउंड्रीत मी कारकून होतो. तिथला भट्टीवाला भंगाराचा प्रत्येक तुकडा कानाशी हलवूनच तापलेल्या मुशीत टाकायचा. "आत पाणी राहिलं ना भिया, तर पितळ तोंडावर उडतं," म्हणायचा.

संस्थान गेलं, पलटण मोडली आणि शिपायांचे बिल्ले पोत्यांनी वितळायला आले. त्यातला एक हाती घेऊन तो थांबला. "आमच्या आबांचा आहे. हा कोपरा लहानपणी मीच चेपला होता."

मागून शेठजी ओरडले, "देर क्यों?"

"खिशात टाका," मी हळूच म्हणालो. "मी पाहिलं नाही."

त्याने बिल्ला कानाशी धरला. सपाट बिल्ला, त्यात पाणी कुठून राहणार? तरी तो ऐकत राहिला. मग त्याने तो मुशीत सोडला. उरलेलं भंगार त्याने कानाशी न नेताच टाकलं, आणि आम्ही सगळे मागे सरकलो.