शेडमध्ये गळत नाही

बॉथेलमधल्या बाकीच्या मराठी ग्रुप्समध्ये म्हणे चार माणसं जमली की ग्रीन कार्ड आणि घरांच्या किमती निघतात. आमच्याकडे ट्रेलर निघतो. हे किस्से कोणी मुद्दाम गोळा केलेले नाहीत, सिंकमधल्या भांड्यांसारखे आपोआप साठत गेले. आधी ऐकणारे पोट धरून हसायचे. आता कोणी विषय काढला की कोणीतरी चहा ठेवायच्या निमित्तानं उठतं. मी मात्र सांगते. न सांगून काय करू?

ट्रेलर मोहनकाकांचा. गाडीमागे ओढत न्यायचं चाकांवरचं घर असतं ना, तसला. आत पलंग, छोटं किचन, स्वतःचं बाथरूम. काका मूळचे नागपूरचे, रिटायर्ड मेकॅनिकल इंजिनिअर, आमच्या समोरच राहतात. शुभाकाकूंची केमो सुरू झाली तेव्हा डॉक्टरांनी बजावलं, विमान नको, हॉटेल नको, परक्यांचं बाथरूम तर नकोच. आणि काकूंना नेमकी एकच गोष्ट हवी होती. सकाळी दार उघडलं की समोर समुद्र दिसायला हवा. समुद्र इथून जेमतेम तीन तासांवर. म्हणून काकांनी नवाकोरा ट्रेलर घेतला. नवाकोरा, हे लक्षात ठेवा.

* * *

ताब्यात घेतला त्या दिवशी डीलरच्या आवारातच पूजा. दारावर कुंकवाचं स्वस्तिक, चाकांखाली लिंबं, सगळं साग्रसंगीत. नारळ फोडायला दगड कुठून आणणार? काकांनी दाराच्या घडीच्या लोखंडी पायरीवर आपटला. फुटेना. मग इंजिनिअरच तो, त्यानं हत्तीचं बळ लावलं.

पुढच्याच आठवड्यात पायरी मिटेना. काकांनी डीलरच्या सर्व्हिसवाल्या ब्रायनला फोन केला. ब्रायननं विचारलं, पायरीला काही लागलं होतं का? दुसरा कुठलाही माणूस ‘नो’ म्हणाला असता. काका म्हणाले, “येस. अ कोकोनट.”

मग ब्रायननं अतिशय गंभीरपणे विचारलं, ट्रेलर झाडाखाली पार्क केला होता का? वॉशिंग्टन स्टेटच्या थंडीत, जिथं नारळाचं झाड औषधालाही नाही! काकांनी प्रामाणिकपणे सांगितलं, नाही, हातानं मारला. क्लेम रिजेक्ट झाला. काकू म्हणाल्या, “बाकी सगळं वॉरंटीत बसेल, देवाचं तेवढं आपलं आपण बघायचं.”

बाकीचंही बसलं नाहीच.

* * *

मग स्लाइडचं प्रकरण. ट्रेलरची एक भिंत बटण दाबलं की बाहेर सरकते आणि खोली मोठी होते. काकांच्या घरासमोरच्या ड्राइव्हवेत ती बाहेर आली आणि आत जायचं नावच घेईना. भिंत बाहेर असताना ट्रेलर रस्त्यावर नेता येत नाही. ब्रायनचं म्हणणं, आम्ही घरी येत नाही, तुम्ही इकडे आणा. कसा आणू? भिंत आत घेऊन आणा. ती आत जात नाही हीच तर तक्रार आहे! तर म्हणे, हो, ती आम्ही इथे बघू.

शेवटी शनिवारी आमचा अख्खा ग्रुप जमला. सगळे सॉफ्टवेअरवाले, वजन उचलायची सवय लॅपटॉपपुरती. माझा नवरा नितीन पुढे, बाकीचे मागे, आणि काकू खुर्चीत बसून “एक, दोन, साडेमाडे तीन” म्हणत होत्या. डोक्याला स्कार्फ, अंगावर शाल, पण आवाज असा की गल्लीतली कुत्री भुंकायला लागली. भिंत गेली आत. नितीनची पाठ धरली ती दिवाळीपर्यंत.

काकांनी ट्रेलर डीलरकडे नेला. ब्रायननं बटण दाबलं. भिंत लोण्यासारखी बाहेर आली, लोण्यासारखी आत गेली. म्हणाला, “सीम्स फाइन टु मी.”

* * *

खरा वैताग होता छपराचा. पाऊस आला की पलंगावर, बरोबर काकूंच्या उशीवर, पाणी टपकायचं. काका ट्रेलर नेऊन द्यायचे, तो आठवडेच्या आठवडे तिथं पडून राहायचा, आणि परत यायचा तेव्हा सोबत एकच उत्तर. लीक सापडला नाही.

एकदा मीच गेले काकांबरोबर. ट्रेलर उभा होता कुठे, तर शेडमध्ये. वर पक्कं छप्पर! मी म्हटलं, अरे बाबा, इथं कसा गळेल? होज घेऊन वर पाणी मार. ब्रायन म्हणाला, त्यासाठी कंपनीचं अप्रूव्हल लागतं. अप्रूव्हल कधी मिळेल? लीक सापडला की.

मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. माझ्या मशीनवर तर चालतंय, हे डेव्हलपर लोकांचं वाक्य ऐकण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. घरी येऊन ते सगळं नितीनला ऐकवलं. तो डेव्हलपर. तो म्हणाला, ब्रायनचंही लॉजिक अगदीच चूक नाही. त्या दिवशी त्यानं स्वतःचं जेवण स्वतः गरम केलं.

* * *

हसण्यावारी नेत होतो खरं, पण उन्हाळा हातातून चालला होता. दोन केमोंच्या मध्ये काकूंना थोडे बरे दिवस मिळायचे. काका समुद्राकाठची जागा बुक करायचे, आणि नेमका तेव्हा ट्रेलर ब्रायनकडे. बुकिंग कॅन्सल. पुन्हा बुक, पुन्हा कॅन्सल. मला तर ब्रायनचं नाव काढलं तरी संताप यायचा. काका मात्र त्याच्याशी एकदाही आवाज चढवून बोलले नाहीत, आणि मला त्याचाही राग यायचा.

पुढे काकूंच्या पाठीत दुखायला लागलं. मी त्यांना हॉस्पिटलला घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, स्कॅनमध्ये नवीन काही दिसत नाही. काकू माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, “वैशाली, यांनीही मला शेडमध्ये ठेवून बघितलं वाटतं.”

मी हसले. गाडीत बसल्यावर रडले.

* * *

सप्टेंबरात ट्रेलर घरी होता, पण काकूंच्या अंगात तीन तास बसायची ताकद राहिली नव्हती. त्या म्हणाल्या, मग इथंच झोपू या. काकांनी ड्राइव्हवेतच पलंगावर नवी चादर घातली. रात्रभर पाऊस.

सकाळी मी इडल्या घेऊन गेले तर काकू एकदम खुशीत. उशीच्या जागी दुधाचं स्टीलचं पातेलं, त्यात टपटप चालू. म्हणाल्या, “अगं, गळायला लागलं तशी मी यांच्याकडे सरकले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण यांनी पहिल्यांदा मला आपली अर्धी उशी दिली.” काका खाली मान घालून चटणी वाढून घेत होते.

समोर आमचं गॅरेज. समुद्र नव्हता.

* * *

काकू नोव्हेंबरात गेल्या.

त्यानंतर थोड्याच दिवसांत ब्रायनचा फोन आला; ट्रेलर ऑक्टोबरपासून पुन्हा त्याच्याकडेच पडून होता. अप्रूव्हल मिळालं, होज मारला, लीक सापडला, छत नव्यानं सील केलं. मग म्हणाला, सर्व्हिसबद्दल सर्व्हे येईल, फाइव्ह स्टार दिले तर बरं होईल. काकांनी दिले. मी त्यांच्यावर चक्क ओरडले. काका एवढंच म्हणाले, त्या पोराचा काय दोष.

* * *

परवा मार्चमध्ये काकांनी समुद्राकाठची तीच जागा बुक केली. ट्रेलर नितीननं ओढला. आम्ही दोघं शेजारी तंबूत, काका ट्रेलरमध्ये. रात्रभर पावसानं झोडपलं.

सकाळी चहा घेऊन गेले. काकांनी दार सताड उघडं ठेवलं होतं आणि समोर समुद्र होता, अगदी दारात. मी आत पाय ठेवला आणि आवाज ऐकला. टप्. टप्. पलंगावर काकूंच्या बाजूला तेच दुधाचं पातेलं, अर्ध्यावर भरलेलं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नवीन सील, फाइव्ह स्टार, आणि परत तिथंच! वॉरंटी संपायला थोडेच दिवस उरले होते. मी म्हटलं, काका, थांबा, आत्ताच्या आत्ता ब्रायनला फोन लावते. फोन काढता काढता माझं लक्ष उशीकडे गेलं. उशी एकच होती, पातेल्याला लागून, मध्यभागी ठेवलेली. काकांच्या बाजूचा अर्धा भाग दबलेला होता. दुसऱ्या अर्ध्या भागावर एक सुरकुती नव्हती.

काकांनी माझ्या हातातला फोन हळूच खाली केला.

“नको गं लावू,” ते म्हणाले. “यावेळी तो गळणं खरंच बंद करेल.”