कानवाली पाटी आणि काळी पाटी

मी लिहावं असं माझ्याकडे फारसं काही नाही, आणि लिहिण्याची सवय तर त्याहून नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. परीक्षेच्या पेपराखेरीज माझं लिहिलेलं कुणी वाचेल, असं धरून चालणं अजूनही जड जातं. ज्या परदेशी कंपन्यांच्या संगणकांविषयी लिहितोय ते मी कधी हातातसुद्धा धरलेले नाहीत, हेही आधीच सांगून टाकतो. वाचकांनी सांभाळून घ्यावं.

१९९३ साली, बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला मी अंबाजोगाईच्या वसतिगृहात राहायला आलो. खोलीतला माझा जोडीदार पाटोद्याच्या किराणा दुकानदाराचा मुलगा होता. बाजारच्या दिवशी दुकानात बसून मोठा झालेला, त्यामुळे बोलण्यात कुणाला ऐकायचा नाही. मी मेंढपाळाचा मुलगा. मेंढरांशी बोलायला मला कधी अडचण आली नाही, माणसांशी यायची. साबणाची वडी मागायची तरी मी दुकानाबाहेर उभा राहून वाक्य जुळवायचो, आणि पुढचं गिऱ्हाईक आलं की मागे सरकायचो.

मेडिकल कॉलेजातले एक डॉक्टर वाचून झालेली इंग्रजी मासिकं आमच्या वाचनालयाला देत. ती आमच्या हातात पडायला सहा-सात महिने जात. त्यातल्या एका अंकात आम्हाला ते चित्र दिसलं. शाळेच्या पाटीसारखा संगणक, मांडीवर घेतलेला, आणि त्याच्यावर पेननं लिहिणारा माणूस. आमच्या कॉलेजात तेव्हा एकच संगणक होता. त्याच्या खोलीत चपला बाहेर काढून जायचं आणि हात मागे बांधून बघायचं, असा रिवाज होता. इथं तर माणूस त्यावर खुशाल रेघोट्या ओढत होता.

शब्दकोश घेऊन आम्ही तो लेख चार दिवसांत वाचून काढला. अशी पाटी करण्यासाठी तिकडच्या कंपन्यांची चढाओढ लागली होती. लोकांच्या खरोखर उपयोगी पडेल अशी पाटी कोण आधी करतो, एवढाच प्रश्न होता. एका कंपनीची पाटी काळी आणि लहान होती. कुणाचंही अक्षर ती ओळखणार, असं कंपनी म्हणत होती. दुसरीच्या पाटीला दोन बाजूंना कानासारखं काहीतरी होतं. तिच्यातून म्हणे फोनही करता यायचा.

"आपली ही कानवाली," जोडीदार म्हणाला. "लिहून ठिवून काय करतो बे? बीडचा भाव पाटोद्यात कळला पायजे. निरोप गेला तर उपयोग."

"काळीच जिंकंल," मी म्हणालो. "अक्षर वळखणं लई मोठी गोष्ट हाय."

"कावून मोठी? तुझं अक्षर तर तुलाच वळखू येत न्हाई."

ते खरं होतं, पण मी मागं हटलो नाही. मग त्यानं शर्त घातली. कानवाली जिंकली तर मी आठ दिवस त्यांच्या दुकानात बसून गिऱ्हाईक बघायचं. बाजारच्या दिवसासकट, आणि मुकं राहून चालणार नाही. काळी जिंकली तर त्यानं आठ दिवस आमच्या मेंढरांमागं चालायचं. तो कुत्र्यांना भितो, हे मला माहीत होतं. मी हो म्हणालो, आणि मग ते दुकान डोळ्यांपुढं आलं. अनोळखी माणसं एकामागून एक समोर येऊन उभी राहणार आणि प्रत्येकाशी मला बोलावं लागणार. दूर अमेरिकेतली ती काळी पाटी आता मला एखाद्या नातेवाइकासारखी जवळची वाटायला लागली.

दिवाळीनंतर आमची मेंढरं अंबाजोगाईजवळ एका शेतात खतासाठी बसवलेली होती. एका रविवारी जोडीदाराला घेऊन मी संध्याकाळी तिकडं गेलो. कुत्रं दिसताच तो माझ्या पाठीमागं आला.

"मामा, बांधा की त्याला," तो लांबूनच म्हणाला.

"ते बांधल्यावर मेंढरं कोण राखील? तू राखतो का?" तात्या म्हणाले. माझ्या वडिलांना आम्ही तात्या म्हणतो.

मेंढरं चरून आली होती. दिवसभर वाघरीत, म्हणजे दोरीच्या जाळीच्या कुंपणात, कोंडलेली कोकरं ओरडून ओरडून आयांना बोलवत होती. तात्यांनी ती सोडली आणि एकच गोंधळ उडाला. जी कोकरं चुकली ती तात्या उचलत, एकदा तोंडाकडं बघत आणि नेमक्या आईखाली नेऊन सोडत. शंभरावर मेंढरं, सगळी काळी. एकही चूक नाही.

"बघ," मी जोडीदाराला म्हणालो, "माणसाला एवढी तोंडं वळखू येतात. मग पाटीला अक्षर कावून येणार न्हाई?"

मी तात्यांना काळ्या पाटीची सगळी हकिकत सांगितली. एवढं सलग मी पहिल्यांदाच बोललो असेन. त्यांनी ऐकून घेतलं आणि जोडीदाराला म्हणाले, "जरा मेंढरांला हाक मार."

त्यानं तोंडाशी हात धरून "हुर्रर्र" केलं. एका मेंढीनंही मान वर केली नाही. कुत्रं मात्र उठून बसलं, तसा तो दोन पावलं मागं सरला. मग तात्यांनी जीभ टाळूला लावून बारीक आवाज काढला. सगळा कळप त्यांच्याकडं वळला.

"मी त्यांची तोंडं शिकलो," तात्या म्हणाले, "पण त्यांनी बी माझी हाक शिकली. एकट्यानं शिकून भागत न्हाई. तुझी पाटीच सगळं शिकणार, अन् माणूस काय नुसता बसणार हाय?"

आम्ही दोघं हसलो. तात्यांना संगणकातलं काय कळणार, असं मला वाटलं होतं, हे लिहिताना आता लाज वाटते. मेंढीच्या दुधातला चहा पिऊन आम्ही परत आलो. वाटेत जोडीदार ती जिभेची हाक काढायचा प्रयत्न करत होता आणि त्याच्या तोंडून नुसती थुंकी उडत होती.

पुढची दोन वर्षं डॉक्टरांचा गठ्ठा आला की आम्ही त्यावर तुटून पडायचो. कधी काळीचं कौतुक असायचं, कधी कानवालीचं. निकाल काही लागेना. बी.एस्सी. झाल्यावर तो पुण्याला शिकायला गेला. मी एम.एस्सी.ला लागलो. शर्त मोडली असं कुणीच म्हटलं नाही, आणि मी साबण अजून अडखळतच मागत होतो.

गेल्या महिन्यात त्याचं कार्ड आलं. ते इथं जसंच्या तसं देतो.

"खबर लागली बे. कानवाली कवाच बंद पडली. काळी अक्षरं चुकीची वाचती म्हणून लोक तिला हसायलेत. अन् तिसऱ्याच कंपनीनं खिशात मावंल अशी पाटी काढली, ती धडाधड खपायली. ती तुझं अक्षर वळखत बसत न्हाई. तिच्या सोप्या खुणा हायेत, त्या आपणच शिकायच्या, मग ती चुकत न्हाई. मामांना सांग, त्यांचंच बरोबर होतं. म्हंजे आपण दोघं बी हरलो. सुट्टीत पाटोद्याला ये. आठ दिवस तू दुकानात, मग आठ दिवस मी मेंढरांमागं. कुत्र्याला आधी सांगून ठिव."