गाणी अडवणाऱ्या सरोजाअक्का

मंगल कार्यालयात शिरल्या शिरल्या सरोजाअक्का नवरानवरीकडे नाही, डीजेवाल्याकडे जायच्या. खांद्याला कॅमेरा, पदर कमरेला खोचलेला आणि पहिला प्रश्न, "आज काय काय वाजवनार हाय, भाऊ?" तो हौसेनं सिनेमातल्या गाण्यांची नावं सांगू लागला की यांचा चेहरा उतरायचा. लग्नाचं शूटिंग करणारी बाई गाण्यांना एवढी का घाबरते, हे त्याला कळायचं नाही. मला कळायचं, कारण त्यांच्या स्टुडिओत एडिटिंग मी करायचे.

अक्कांचं घर तेलुगू, सोलापूरच्या पूर्व भागातलं. नवरा गेल्यावर त्याचा स्टुडिओ बंद न करता त्यांनी स्वतः कॅमेरा उचलला. पूर्वी फिल्म पेनड्राइव्हवर दिली की काम संपायचं. मग लोक लिंक मागू लागले, तेव्हा अक्कांनी सगळी लग्नं एका फुकटच्या साइटवर चढवली. एका घरच्यांनी हट्टानं फिल्मला गाजलेलं सिनेमातलं गाणं लावून घेतलं. गाण्याच्या मालकांची तक्रार आली आणि फिल्म उडाली. काही दिवसांनी दुसऱ्या लग्नाचंही तेच झालं. आणखी एक तक्रार आली तर त्या साइटवरचं अक्कांचं अख्खं चॅनलच बंद होणार होतं.

"अय्यो, लोकांची लग्नं हायत गं ती," अक्का म्हणाल्या. त्या दिवशी त्यांनी डबा उघडलाच नाही.

त्यांनी पैसे भरून दुसरी साइट घेतली. तिथं जाहिराती नव्हत्या आणि लिंक ज्याच्याकडे असेल त्यालाच फिल्म दिसायची. आता हवी ती गाणी लावता येतील, असं मला वाटलं. अक्कांनी मान हलवली. "जागा बदलली म्हनून गानं आपलं होतंय व्हय?" मग परवान्यासकट मिळणारं संगीत आणून मी जुन्या फिल्म एकेक करून नव्या जागी न्यायला लागले.

ते काम अर्ध्यावर असतानाच वैरागच्या अश्विनीचं लग्न आलं. लग्न अक्कलकोट रोडवरच्या कार्यालयात होतं आणि तिची आई शहरातल्याच दवाखान्यात, हृदयाचं ऑपरेशन होऊन पडलेली. आईला मोबाइलवर लग्न दाखवायचं अक्कांनी कबूल केलं. पाहुण्यांना फुकटचीच साइट सवयीची, म्हणून थेट प्रक्षेपण तिथूनच करायचं ठरलं. अक्षता पडेपर्यंत डीजे लावायचा नाही, एवढा शब्द त्यांनी मुलीच्या वडिलांकडून घेतला.

पण नवरदेवाला मित्रांनी नाचवतच आत आणलं, आणि डीजेनं सिनेमातलं गाणं दणक्यात सुरू केलं. मी कोपऱ्यात लॅपटॉपवर प्रक्षेपण सांभाळत होते. थोड्याच वेळात पडद्यावरचं चित्र गेलं. संगीताच्या हक्कामुळे प्रक्षेपण थांबवल्याची सूचना तेवढी उरली. लगेच दवाखान्यातून अश्विनीच्या मावशीचा फोन आला. "अवो, दिसायचं बंद झालं! तिकडं काय वाईट झालं का म्हनून ताई उठून बसायला बघतीया. धाप लागलीय तिला!"

"तू दुसऱ्या साइटवर चालू कर. मी गानं थांबवते," म्हणत अक्का गर्दीत घुसल्या.

नवऱ्याचा चुलता आडवा आला. "बाई, तुमी शूटिंग करा. गानं आमचं हाय."

"न्हाय हो, गानंच तर आपलं न्हाय," अक्का ओरडल्या. मग त्यांनी नवरदेवासमोर हात जोडले. "तिकडं तिची आई हाय. हितं गानं वाजलं की तिला लेक दिसायची बंद होती. लई घाबरलीय ती."

नवरदेवानं स्वतः हात वर करून डीजे थांबवला. मी नवी लिंक मावशीला पाठवली, पण उत्तर येईना. गुरुजी घड्याळ बघत होते. दोन्ही मामा अंतरपाट धरून उभे होते. "थोडं थांबा की, गुरुजी," अक्का पुन्हा पुन्हा विनवत होत्या. अश्विनी हातात हार धरून आमच्याकडेच बघत होती.

फोन वाजला. "दिसतंय!" मावशी म्हणाली. "ताई टेकून बसली आता. म्हना मंगलाष्टका."

अक्कांनी अश्विनीला मानेनंच खूण केली आणि कॅमेरा डोळ्याला लावला.

त्या गाण्यावर तक्रार आलीच आणि चॅनल बंद झालं. लोकांचे रागाचे फोन आले. अक्कांनी प्रत्येकाचं ऐकून घेतलं आणि डिस्कवरच्या प्रती काढून उरलेल्या फिल्म नव्या साइटवर चढवल्या. पुढे अश्विनीची आई बरी होऊन स्टुडिओत आली. "फिल्मला गानं लावू नका," ती म्हणाली. "डीजे थांबल्यावर पोरीच्या बांगड्या ऐकू आल्या मला."

गेल्या वर्षी अक्का आजारी पडल्या, त्यातून उठल्या नाहीत. शेवटच्या भेटीत त्यांनी साइटचा पासवर्ड माझ्याकडून पाठ म्हणवून घेतला. "दरसाल मुदत वाढवायची असती. चुकवू नको गं. मानसं पुसली जातील."

आता स्टुडिओ मी चालवते. मुदत संपायच्या आठवडाभर आधीच मी पैसे भरते. ती वाढवून झाल्यावरही मी जुन्या फिल्म उघडून बघत बसते. त्यातली माणसं हलताना, बोलताना दिसली, की मगच मी जेवायला उठते.