तांबड्या अक्षरांची जीप

देगलूर-नांदेड काळीपिवळी चालवणाऱ्या वीरभद्रला फुटबॉलनं लई छळलं. बाकीचे ड्रायव्हर काचेवर देवाचं नाव लावतात, नाहीतर लेकीचं. या बहाद्दरानं बारा-तेरा वर्षांपूर्वी जीपच्या पुढच्या काचेवर तांबड्या रेडियमची ठसठशीत अक्षरं लावली, ‘मँचेस्टर युनायटेड’. तेव्हा इंग्लंडातला हा फुटबॉल क्लब अजिंक्य होता. पुढं त्याला जी उतरती कळा लागली, ती लागलीच!

सोमवारी स्टँडवर भुजंग ड्रायव्हर टपूनच असायचा. "काय वीरभद्रा, कालबी मार खाल्ला का?" हा वरवर हसायचा, पण आतून जळायचा. घास गोड लागेना, स्टिअरिंगवर बोटं गप बसेनात. मोबाइलवर गुणतक्ता उघडायचा, शिवी हासडून बंद करायचा, की परत उघडायचा.

एका सोमवारी त्याचं डोकंच फिरलं. रेडियमवाल्याकडून तांबडी अक्षरं खरवडून घेतली आणि निळ्यात त्याच गावचा दुसरा, जिंकणारा क्लब लावला, ‘मँचेस्टर सिटी’. भुजंग म्हणाला, "आता माणसात आलास." तरी गड्याला चैन कुठली! आतून उलटी दिसणारी ती निळी अक्षरं दिवसभर त्याच्या डोळ्यांत खुपत राहिली.

मंगळवारी सकाळी नायगावच्या अलीकडच्या फाट्यावर दानम्माअव्वा बाभळीखाली उभी होती. म्हातारीचं डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. दर मंगळवारी ती त्याच्याच जीपनं नांदेडला डॉक्टरकडं जायची. आज तिनं हात केला नाही. जायचं नसेल, म्हणून वीरभद्रनं गाडी तशीच दामटली. मन थाऱ्यावर असतं तर थांबून विचारलं असतं.

दुपारी परतताना बघतो, तर म्हातारी तिथंच बसलेली! त्यानं कचकन ब्रेक दाबला.

"अव्वा, सकाळपासनं हितंच? किती गाड्या गेल्या असतील!"

आवाज ओळखून तिनं मान वर केली. "गेल्या की. पन तुजी तांबडी अक्षरं आली न्हाईत. मला वाचाय कुटं येतंय? लांबून तांबडं दिसलं की हात करायचा."

"मग दुसऱ्या गाडीत बसायचं की!"

"आन् मागनं तू आला असतास म्हंजे? तू कवा चुकलास का?"

वीरभद्रला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डॉक्टर दुपारपर्यंतच बसायचा. तिची वेळ हुकली होती. तिला घरी सोडताना तो एवढंच म्हणाला, "उद्या नेतो. सकाळी फाट्यावर ऱ्हा."

बुधवारी दिवस उजाडताच तो रेडियमवाल्याच्या दारात हजर. रेडियमवाल्यानं कपाळावर हात मारला. "आरं, परत युनायटेड? रविवारीबी हारले की ते!"

"हारू दे," वीरभद्र म्हणाला. "अक्षरं जरा मोठी काप. अव्वा उभी असंल."