खड्डा न खणणारा विणकर

भवानी पेठेतल्या माझ्या घराची पुढची खोली आम्ही भाड्यानं द्यायचो. भाडेकरू निवडायचं काम बायकोचं. ती गेली आणि मी खोलीला कुलूप घातलं. पण बंद खोलीला वाळवी लागते, म्हणून पुढं तेलुगू विणकरांत सांगून ठेवलं.

एक जण आला. चाळिशीचा असेल, बोटं सुताच्या रंगानं निळी झालेली. विणकर आधी जमीन बघतो, कारण मागावर पाय सोडून बसायला त्याला जमिनीत खड्डा खणावा लागतो. ह्यानं वहाणा काढल्या, पण आत आला नाही. उंबऱ्याशीच उकिडवा बसला. जमीन बायकोनं शेवटची सारवलेली होती, तिच्या हाताची वळणं शेणात तशीच उमटून राहिली होती. त्यानं हात न टेकवता त्या वळणांवरून फिरवला.

"सारवनारी कुटं हाय, मालक?"

"गेली. दिवाळीच्या आधी."

"मग खोली कशाला दावता?"

"पोट हाय की मागं."

"ते खरं हाय. पन हितं खड्डा मी न्हाई खणनार. दुसरा कुनी खणंल."

वहाणा घालून तो निघाला. मी गल्लीच्या तोंडापर्यंत मागं गेलो, पण हाक मारायला त्याचं नावच मी विचारलं नव्हतं.

ती माणूस कसा पारखायची, हे बायकोनं मला कधी सांगितलं नाही. पण तिनं ह्यालाच ठेवला असता, एवढं मला उभ्या उभ्या कळलं. आणि ते तिला सांगायला म्हणून मी घाईनं घराकडं वळलो.