बॅरक स्ट्रीटवरचं तिसरं बोलावणं

कॉर्कमध्ये चांगली कॉफी कुठे मिळते हे विचारायचं असेल, तर फाख्तना क्राउलीला विचारावं. एकोणतीस वर्षं त्याने या शहरातल्या कॉफीच्या मशिनी दुरुस्त केल्या. बाजारातल्या टपरीवरची कॉफी कडक पण खरी, नदीकाठच्या काचांच्या दुकानातली नुसतीच दिखाऊ, शँडनच्या चढावरच्या बाईकडची यथातथा, पण तिच्याकडचं माशाचं सूप आणि काळसर ब्रेड खाऊन माणूस तृप्त होतो, हे सगळं तो घडाघडा सांगे. पहिल्या घोटालाच मशिनचा वॉशर झिजलाय का ते ओळखे. लोक विचारत, आभार मानत आणि आपल्या वाटेने जात. ‘तुम्हीही चला की’ असं कुणी म्हटल्याचं त्याला आठवत नव्हतं.

लग्न त्याने केलं नाही. आई होती तोवर तिचं करण्यात दिवस गेले, आणि ती गेल्यावर घरात केटलीचा तेवढा आवाज उरला. निवृत्त झाल्यावर त्याने आठवड्याचे वार दुकानांना वाटून दिले, रोज कुठेतरी जायला कारण हवं म्हणून. गुरुवार बॅरक स्ट्रीटवरच्या नोरीनचा. खरं सांगायचं तर बाकीचे सहा दिवस हे गुरुवारची वाट बघण्यासाठीच होते.

नोरीन चौसष्टची, नवरा जाऊन अकरा वर्षं झालेली. खाली सहा टेबलांचं दुकान, वर तिचं घर. तिच्याकडचं चीज-हॅमचं भाजलेलं सँडविच खायला लोक पावसात रांग लावत. तिची मुलगी क्लिओना कॅनडात, कॅलगरीला. वर्षभर ती फोनवर एकच लकडा लावून बसली होती : आई, आवर ते दुकान आणि इकडे ये. फाख्तनाला हे ठाऊक होतं, आणि कॅलगरीचं नाव निघालं की तो हातातलं सँडविच अर्धंच ठेवे. बोलून मात्र त्याने कधी दाखवलं नाही.

त्या गुरुवारी तो मशिनची वाफेची नळी उगाचच पुसत उभा होता. नोरीन म्हणाली, “रविवारी काय करतोयस?”

“काय करणार? रविवारसारखा रविवार.”

“मग जेवायला ये वर. एक वाजता. बीफ भाजतेय.”

बावीस वर्षांच्या ओळखीत तो तिच्या जिन्याची पायरी चढला नव्हता. “छे छे,” तो म्हणाला, “कशाला तुला त्रास!”

आता आमच्या कॉर्ककडची रीत अशी, की कुणी काही देऊ केलं की पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदा नकोच नको म्हणायचं, आणि तिसऱ्यांदा ‘बरं, एवढं म्हणतेसच तर’ म्हणून हो करायचं. पहिल्या फटक्यात हो म्हणणारा आमच्यात हावरट ठरतो. पाव्हण्याचं हे लाजणं आणि यजमानाचा आग्रह यातच आमचं अर्धं आयुष्य जातं, आणि आम्हाला त्याचा अभिमान आहे.

“त्रास कसला डोंबलाचा?” नोरीन म्हणाली. “मी जेवणारच आहे ना? ये.”

“नको गं, खरंच नको. माझं आपलं बरं चाललंय.”

आता तिसरं. त्याने ‘बरं’ हा शब्द ओठांवर आणून ठेवला होता. तेवढ्यात दूधवाला आला, त्याच्या हातातला क्रेट दारात आपटला, आणि सगळ्या फरशीभर दूध झालं. नोरीन फडकं घेऊन धावली. दूधवाल्याच्या सात पिढ्या उद्धरून झाल्या, फरशी कोरडी झाली, गिऱ्हाइकं आली. फाख्तना गार झालेला कप धरून बसून राहिला. मग उठला, “बरं मग, निघतो,” म्हणाला. दारापाशी पुन्हा म्हणाला. पायरीवर आणखी एकदा म्हणाला.

“ये हं,” नोरीन सँडविच उलटता उलटता म्हणाली. पण ते ती सगळ्यांनाच म्हणते.

रविवारी सकाळी त्याने दाढी केली, नवा शर्ट घातला. सफरचंदाचा टार्ट शनिवारीच आणून ठेवला होता. फोन वाजेल म्हणून अकरापासून फोनपाशी बसला. साडेबाराला टार्ट घेऊन निघाला, नदी ओलांडली, बॅरक स्ट्रीटच्या चढाच्या पायथ्याशी आला. वरच्या खिडकीत दिवा दिसत होता. नुसतं दार वाजवायचं होतं. पण दोनदा नको म्हटलेल्या घरी, पुन्हा बोलावणं न येता, कुठल्या तोंडाने जायचं? तिने तिसऱ्यांदा विचारलं नाही, म्हणजे मनातून तिलाही नकोच असेल. सुटली असेल बिचारी, असं त्याने स्वतःला बजावलं. पंधरा मिनिटं तो तिथे पावसात भिजत उभा राहिला आणि परत फिरला. अख्ख्या शहराला चांगलं खाणं कुठे मिळतं ते सांगणाऱ्या या माणसाने त्या दिवशी पेट्रोल पंपावरचं थंडगार सँडविच खाल्लं.

गुरुवारपर्यंत काही त्याला दम निघेना. सोमवारी सकाळीच तो दुकानात हजर झाला. अजून गिऱ्हाईक नव्हतं. नोरीनने मान वर केली नाही.

“सहा बटाटे भाजले होते,” ती म्हणाली. “मी काय एकटी सहा बटाटे खाते?”

त्याला काही कळेना. “तू... तू वाट बघत होतीस?”

“चार वाजेपर्यंत.”

“पण मी नको म्हणालो होतो.”

“दोनदा म्हणालास! बावीस वर्षांत तू कुठल्या गोष्टीला धड हो म्हणालायस रे? साध्या स्कोनलासुद्धा दोनदा नको म्हणतोस आणि तिसऱ्यांदा दोन खातोस. मी धरूनच चालले येणार म्हणून.”

“तू तिसऱ्यांदा विचारलं नाहीस,” तो म्हणाला. आपल्याच कानांना ते किती केविलवाणं वाटलं! “मी आलो होतो, नोरीन. खाली कोपऱ्यापर्यंत. टार्ट घेऊन.”

तिने हातातला चमचा खाली ठेवला. हसली, आणि हसता हसता तिला एप्रनने डोळे पुसावे लागले.

“क्लिओनाला काल उत्तर द्यायचं होतं,” ती म्हणाली. “म्हटलं, तुझ्याशी जरा बोलावं. तू काही बोलला नसतास, मला माहितीये. नुसता जेवला असतास तरी चाललं असतं. चार वाजता ताट झाकून ठेवलं, आणि सहा वाजता तिला फोन करून हो म्हणून टाकलं.”

फाख्तनाला वाटलं, आता बोललो नाही तर जन्मात बोलणार नाही.

“नको जाऊस,” तो म्हणाला.

“अरे, आता कुठे! तिकीटसुद्धा काढलं तिने.”

“नको जाऊस, नोरीन.”

“वेडा आहेस का? माझ्यासाठी खोली रंगवायला घेतलीये पोरीने.”

त्याने टोपी काढून टेबलावर ठेवली. “तिसऱ्यांदा विचारतोय. राहतेस का?”

रीत नोरीनलाही ठाऊक होती. तिसऱ्यांदा माणूस मनातलं बोलतो, त्यानंतर कुणी कुणाला विचारत नाही.

“नाही रे,” ती हळूच म्हणाली. “जाते मी.”

मग ती वर गेली आणि कालचं ताट गरम करून घेऊन आली. “खा,” म्हणाली. तो बसला आणि खायला लागला. मांस सुकलं होतं, बटाटे चिवट झाले होते. त्याने सगळं संपवलं.