घराण्यात नसलेला दमा

गादीवालीचा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, असं सगळी गल्ली म्हणते. गल्लीला बोलायला काय जातं! लग्न होऊन आली तेव्हा ती ब्र काढत नसे. सासरे गेल्यावर बंद पडायला आलेलं गाद्यांचं दुकान तिनंच सावरलं. खाली कापूस पिंजायचा, वर संसार, आणि त्यात आता लेक झालेली.

पोर बसायला लागायच्या आतच तिच्या गालांवर आणि कोपरांच्या घडीत इसब उठलं. मग सर्दी नसतानाही छाती वाजू लागली. डॉक्टरीणबाईंनी छाती तपासून विचारलं, आईवडिलांपैकी कुणाला दमा? इसब, सर्दीशिवाय वाजणारी छाती आणि त्यात आईबापाचा दमा, असं जुळून आलं तर पुढे पोरीला दमा होण्याचा धोका वाढतो. छातीठोकपणे कुणीच सांगू शकत नाही, पण आतापासून जपता येतं. सासूबाईंनी मान ताठ करून सांगितलं, आमच्या घराण्यात असलं काही नाही. नवरा खिडकीबाहेर बघत होता. गादीवालीनं विश्वास ठेवला.

थोड्याच दिवसांनी पोर पुन्हा धापा टाकू लागली. सासूबाई धावत आल्या, तिला उभं धरलं, पाठीला कान लावला आणि बोलून गेल्या, "अगदी बापासारखीच वाजते."

मग सगळं बाहेर आलं. नवऱ्याला लहानपणी चांगला दमा होता. लग्न ठरताना लपवला, नंतर सांगायला तोंड राहिलं नाही, आणि आता धाकट्या नणंदेचं लग्न कुठेतरी जमत होतं म्हणून पुन्हा झाकला. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. मूठ यांची आणि श्वास कोंडायचा पोरीचा.

"तुम्हाला तरी जीभ होती ना?" तिनं नवऱ्याला विचारलं.

आई म्हणाली, बरा झालास, विषय संपला, असं तो पुटपुटला. गाद्यांच्या चळती पाठीवर वाहणारा हा बाप्या आईपुढे मुका. तिला त्याची किळस आली.

तिनं पोर उचलली, दोघांना पुढे घातलं आणि दवाखाना गाठला. पोरीच्या नाकातोंडावर औषधाच्या वाफेचा मास्क लागला, तशी गादीवाली सासूबाईंकडे वळली. "आता तुमच्या तोंडानं सांगा."

सासूबाईंनी खालच्या आवाजात सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी धूळ आणि धूर यांपासून पोरीला लांब ठेवायला बजावलं आणि विचारलं, ही दिवसभर असते कुठे?

कापूस पिंजण्याच्या यंत्राशेजारी. दूध पाजायला सारखा जिना चढायला नको, म्हणून गादीवालीनं स्वतःच तिला तिथं अंथरूण घातलं होतं, आपल्या हातच्या मऊ दुलईचं. हेही तिनंच सांगितलं.

बाहेर पडल्यावर सासूबाई म्हणाल्या, "तेव्हा सांगितलं असतं, तर केलं असतंस का लग्न?"

"केलं असतं," ती म्हणाली. "पोरीला त्या धुळीत निजवलं नसतं."